बूटमाय

तिच्या बुटांचा आवाज गल्लीत आला की माझी पोरगी ताटावरून उठायची. भात तसाच, वरण तसंच, खरकट्या हातानं दाराशी जाऊन उभी. मी चार हाका मारल्या तरी मागे वळून पाहायची नाही. ते बूट वाजले की मी त्या घरात नव्हतेच.

बूट फॅक्टरीचे. काळे, जाड, पुरुषी. बाई जवाहरनगरच्या फॅक्टरीत कँटीनमध्ये कामाला होती. नवऱ्याच्या मागे त्याच्या जागेवर लागली होती. तिथे दिवसभर भांड्यांच्या पाण्यात उभं राहायचं, म्हणून बूट. नोकरी संपली, क्वार्टर सोडलं, आमच्या गल्लीत खोली घेतली, पण बूट काही पायातून निघाले नाहीत. अंगावर साधं सुती पातळ आणि खाली हे बूट. लग्नात तेच, मयतीत तेच. कोणी हसलं तर म्हणायची, "बाप्पा, सँडल घालून स्वर्गात गेली अन् तिथं चिखल असला तं?"

चर्चच्या मंडळीत सगळे तिला कँटीनबाई म्हणायचे. माझी सलोमी तिला बूटमाय म्हणायची. मी माय, आणि ती बूटमाय. मी एकदा सलोमीला समजावलं की माय एकच असते. ती हसली आणि म्हणाली, "दोन."

सलोमीचं आधी सांगते. ती माझी एकुलती. जन्माच्या वेळी अडली. अंगानं वाढली, डोक्यानं पाच वर्षांची राहिली. तिचा बाप ती चालायला लागायच्या आधी गेला. मेला नाही, गेला. चर्चच्या मागे एक खोली आहे, ती मला मिळाली. त्या बदल्यात आवार झाडायचं, घंटा वाजवायची, वेदीवरचं कापड धुवायचं. ते मी केलं आणि सलोमीला सांभाळलं. मी चौथी शिकले. बायबल बोट ठेवून वाचते, पण वाचते.

उपासनेला मी सलोमीला घेऊन शेवटच्या बाकावर, दाराच्या बाजूला बसायचे. ती मधेच ओरडते. ओरडली की बाहेर काढायला सोपं. लोकांनाही ती सवय झाली होती. कोणी मागे वळून पाहत नसे, आणि ते मला बरं वाटायचं.

बाई आली ते गोंदिया वेगळा झाला त्या सुमारास. जिल्हा फुटला तशा दोन-तीन नोकरीवाल्या कुटुंबांच्या बदल्या तिकडे झाल्या, आणि आमचे आधीच थोडे असलेले बाक आणखी मोकळे दिसायला लागले. पहिल्याच रविवारी ती टॉक टॉक करत आत आली, सगळीकडे पाहिलं, आणि सरळ आमच्याजवळ.

"ही पोट्टी इथं काहून बसली?"

"ओरडते ती," मी म्हटलं.

"मंग समोर ओरडू दे ना. देवाले मागचं कमी ऐकू येत असन."

आणि तिनं सलोमीपुढे हात केला. माझं बोट न सोडणारी पोरगी तिचा हात धरून चालायला लागली. पहिल्या बाकापर्यंत. मी मागे एकटी. त्या दिवशी तिसऱ्या कडव्याला सलोमी ओरडली. बाईनं तिला गप्प केलं नाही. ती स्वतःच इतक्या मोठ्यानं गायला लागली की दोघींत बेसूर कोण ते कळेना. बाईला सूर नव्हताच. ती गायला लागली की पेटीवाला पेटी सोडून तिच्याकडे पाहायचा.

ती प्रार्थनेत डोळे मिटायची नाही. पाळकसाहेबांनी एकदा सगळ्यांसमोर विचारलं तर म्हणाली, "डोळे मिटले तं देवानं कोणाले आणलं ते कसं दिसन?" तिच्या शेजारी बाकावर ती दर रविवारी एक रुमाल पसरून ठेवायची. तिथे कोणी बसायला गेलं की उठवायची.

"कोणाची जागा आहे?"

"त्याची."

"कोणाची?"

"आला नाही अजून."

असे दोन-तीन महिने तो रुमाल रिकाम्या बाकावर. मला वाटायचं, चांगलं झालं, बस आता रुमाल घेऊन. मग एका रविवारी तिथे एक कोळीण येऊन बसली. वैनगंगेकाठची, बाजारातून थेट, टोपली पायाशी ठेवून. टोपलीत मासे. पहिल्या बाकापासून माझ्या शेवटच्या बाकापर्यंत वास. ती काही आमच्यातली नव्हती, आणि पुढेही झाली नाही. घरी तिचे देव होते. बाईला मी म्हटलं, "बाप्तिस्मा नाही, काही नाही, अन् पहिल्या बाकावर?"

बाई म्हणाली, "सलूची माय, तिचे पाय दुखून राहिलते. बाक होता. तुह्या बाप्तिस्म्यानं पाय थांबतात का?"

मला सलूची माय म्हणायची ती. नेहमी. माझं नाव तिनं कधी घेतलं नाही.

ती कोळीण मग दर रविवारी यायची, गाणं संपेपर्यंत बसायची आणि उपदेश सुरू झाला की उठून जायची. बाईनं तिला कधी थांब म्हटलं नाही. उलट एकदा तिच्या बोलावण्यावरून तळ्यावर प्रार्थना करायला गेली. मासळी मिळत नव्हती म्हणून. मी मुद्दाम सोबत गेले, काय करते ते पाहायला. बाई तळ्याच्या पाळीवर बूट रोवून उभी राहिली आणि म्हणाली, "बापा, ह्यायले मासे दे. पण माशायलेही थोडी बुद्धी दे, सगळेच येतीन तं पुढच्या साली काय?" आमेन. झालं. कोळणी खो खो हसल्या आणि त्यांनी तिला शिंगाडे दिले. मी अख्खं स्तोत्र पाठ करून गेले होते. मला कोणी विचारलं नाही.

आता फुलांचं. वेदीवर प्लास्टिकच्या फुलांचा गुच्छ होता. तो मी दर शनिवारी साबणानं धुवायचे, एकेक पाकळी. नव्यासारखा ठेवला होता. बाईनं कँटीनचा स्टीलचा गिलास आणला आणि त्यात बेशरमीची फुलं खोवून माझ्या गुच्छाशेजारी ठेवली. बेशरमी! नाल्याच्या काठानं उगवते ती, जिला शेळीही तोंड लावत नाही. पुढच्या रविवारी पळस. मग धानाच्या बांधीतलं नाव नसलेलं निळं काहीतरी. पाळकसाहेब म्हणाले, "आज वेदी किती सुंदर दिसते." इतक्या वर्षांत माझ्या गुच्छाबद्दल ते एक शब्द बोलले नव्हते. मी बाईला म्हटलं, "नाल्यातली फुलं देवापुढं?" ती म्हणाली, "नाल्यातच लावली त्यानं, तं मी काय करू?"

ती काही संत नव्हती, हे मी सांगून ठेवते. आता तिच्याबद्दल बोलताना लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं म्हणून सांगते. माझा तवा न्यायची आणि न घासता आणून द्यायची. वय खोटं सांगायची. चहात पत्ती घालायची तर जशी औषधाला. उपदेश चालू असताना घोरायची, आणि जागी झाली की मोठ्यानं आमेन म्हणायची, मग वाक्य कुठलंही असो. पाळकसाहेब एकदा नरकाबद्दल सांगत होते, तेव्हा म्हणाली.

आता झावळ्यांच्या रविवारचं सांगते. त्यासाठीच लिहायला बसले.

ईस्टरच्या आधीच्या रविवारी, प्रभू राजासारखा शहरात आला त्याची आठवण म्हणून, आम्ही झावळ्या हातात घेऊन चौकातून चर्चपर्यंत मिरवणूक काढतो, होसान्ना गातो. आपल्याकडे नारळाची झाडं कुठली? शिंदीच्या झावळ्या. उपासना झाली की त्या झावळ्या लोक घरी नेऊन दारावर खोचायचे, उरलेल्या आवारात वाळून जायच्या आणि मी त्या जाळायचे. बाईनं पहिल्याच वर्षी मला जाळू दिल्या नाहीत. सगळ्या गोळा केल्या, पाती सोलल्या, ठोकल्या, सुतळीनं बांधल्या आणि त्यांचे फडे केले. शिंदीचा फडा, घर झाडायचा. तिचं माहेर लाखांदूरकडचं, तिथे शिकली होती. एकेक फडा एकेका घरी दिला. आमच्या घरी, कोळणीच्या घरी, गल्लीतल्या जयभीमवाल्या गुरुजींच्या घरी.

आमच्या पंचकमिटीचे सेक्रेटरी, रिटायर तलाठी, ते भडकले. "पवित्र वस्तू आहे ती! तिचा झाडू करता?"

बाई म्हणाली, "सेक्रेटरीसाहेब, ज्या रस्त्यानं राजा येते तो रस्ता कोणी झाडते का नाही?"

फडा बांधायला तिच्याशेजारी कोण बसलं होतं? माझी सलोमी. बोटांत काम आलं तशी ती ओरडायची थांबली. तासन् तास पाती सोलायची. मी तिला वाती वळायला शिकवून थकले होते, ते नाही आलं. हे आलं.

पण चर्चमध्ये ती ओरडायचीच, आणि आता पहिल्या बाकावरून ओरडायची. दुसऱ्या वर्षी नाताळात तिनं एका लहान मुलीची वेणी ओढली. मुलगी रडली, तिची आई रडली. कमिटी बसली. सेक्रेटरी मला म्हणाले, "बाई, आम्हाला वाईट वाटतं. पण आता झावळ्यांच्या रविवारी फॅक्टरीच्या टाउनशिपची सगळी मंडळी येणार. तेव्हा काही झालं तर सलोमीला यापुढे घरीच ठेवायचं." मी मान हलवली. काय करणार? खोली त्यांची. पण चर्चच्या भिंतीला लागून राहायचं आणि घंटा वाजली की पोरीला कडी लावून ठेवायचं, हे डोळ्यांपुढे आलं तेव्हा मला घास गेला नाही. तिला रविवार कळायचा. वार कोणताच कळायचा नाही, रविवार कळायचा.

आणि नेमकं त्याच शनिवारी आंबागडला माझ्या भाचीचं लग्न. जाणं भाग होतं. सलोमीला लग्नात नेता येत नाही, बँड वाजला की ती पळते. मी तिला बाईकडे ठेवलं. दहा वेळा बजावलं, "लक्ष ठेवा. उद्याचा दिवस महत्त्वाचा आहे." बाई म्हणाली, "जाय व, जेवून ये पोटभर."

रविवारी पहाटेची एसटी धरून आले. चर्चच्या पडवीत पाहते तर झावळ्या नाहीत. आदल्या दुपारी कोळणीच्या पोरांनी गाडाभर आणून ठेवल्या होत्या, ओल्या पोत्याखाली झाकून. पोतं बाजूला पडलेलं. पडवीभर हिरवी साल, आणि मधोमध फड्यांचा ढीग. ढिगाशेजारी सलोमी. बोटं काट्यांनी फाटलेली, तोंडभर हसू.

"माय, पाह्य! सबन झाले!"

सगळ्या. एकही झावळी उरली नव्हती. मिरवणुकीनंतर फडे होतात, हे तिला ठाऊक होतं. मिरवणूक आधी लागते, हे नव्हतं. कामं राहिली म्हणून तिनं करून टाकली.

बाई तिथेच खुर्चीत होती. मी म्हटलं, "हे काय झालं? तुमच्या भरवशावर ठेवली होती ना?"

"मले झोप लागली व माय. उठून इथं पाहाले आली तं निम्मे झाले होते. मंग मी कायले थांबवू? अर्ध्या झावळ्यानं कोणाचं भागलं असतं?"

खरं सांगते, सगळ्यात आधी माझ्या मनात काय आलं ते. मला बरं वाटलं. आता कळेल सगळ्यांना, असं वाटलं. आता चुकली ही. पण ते टिकलं नाही, कारण फाटकातून सेक्रेटरी आत येत होते, मागे टाउनशिपची मंडळी, पांढरे कपडे, रेशमी पातळं, पोरांच्या केसांना तेल.

सेक्रेटरींनी ढीग पाहिला. सलोमीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "आता लोकांनी हातात काय घ्यायचं?" मोठ्यानं नाही बोलले. मोठ्यानं बोलले असते तर परवडलं असतं.

मी सलोमीचं कोपर धरलं. तिला खोलीत नेऊन कडी लावायची, एवढंच डोक्यात होतं. ती येईना, पाय घासत होती. आणि तेवढ्यात टॉक टॉक. बाई खुर्चीतून उठली, कंबर बांधली, ढिगातला एक फडा उचलला आणि फाटकाबाहेर निघाली.

"चाला, चाला, उशीर होऊन राहिला!"

"कुठे?" सेक्रेटरी म्हणाले.

"चौकात. राजा येऊन राहिला अन् रस्ता पाहा कसा हाय. पन्न्या, शेण, बिड्याचे थोटकं. ह्याच्यावरून आणता का त्याले?"

आणि तिनं होसान्ना सुरू केलं. बेसूर. गात गात रस्ता झाडायला लागली. तिच्यामागे कोळणीनं फडा उचलला. मग पोरं तुटून पडली. पोरांना हातात फडा मिळाल्यावर काय हवं? मग टाउनशिपची एक जाडी बाई, रेशमी पातळ खोचून, म्हणाली, "आण गं इकडे, घरी मोलकरीण आहे, तरी येतं मला." सगळे हसले, आणि मग थांबलं नाही. चौकापर्यंत गेले आणि चौकातून परत, सगळी मंडळी रस्ता झाडत. चहाच्या टपरीवरून एकानं ओरडून विचारलं, "का व आजी, मंत्री येऊन राहिला का?"

"मंत्री आला असता तं तुम्हीच झाडलं असतं," बाई म्हणाली. "राजा येऊन राहिला. पाय वर घे."

त्यानं पाय वर घेतले.

सलोमी माझ्या हातातून कधी सुटली ते कळलं नाही. ती ढिगाशी गेली, एक चांगला दाट फडा निवडला आणि सेक्रेटरींसमोर धरला. "हा तुमचा." ते तसेच उभे. ती हात मागे घेईना. शेवटी घेतला त्यांनी. झाडलं नाही, काखेत छत्रीसारखा धरून सगळ्यांच्या मागून चालत गेले. पण गेले.

मीही झाडलं. मी का मागे राहू? आणि हे लिहूनच ठेवते, बाईला झाडता येत नव्हतं. वाऱ्याच्या तोंडावर झाडत होती, सगळी धूळ मागच्यांच्या नाकात. तिच्यामागून मी तोच रस्ता पुन्हा झाडला. तीस वर्षं मी ते आवार झाडलं, ऊन म्हटलं नाही, थंडी म्हटली नाही. माझ्या मागून कोणी कधी होसान्ना म्हटलं नाही. तिनं एक दिवस झाडलं, तेही वाईट, आणि लोक आजतागायत सांगतात.

सलोमीला घरी ठेवायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. पुढच्या वर्षापासून झावळ्या वाटायचं काम तिला मिळालं. पाळकसाहेबांनी स्वतः सांगितलं. ती आवाराच्या फाटकाशी उभी राहते आणि येणाऱ्या प्रत्येकाला एकेक देते, ओळखीचा असो की रस्त्यानं चाललेला. कोणी नको म्हटलं तर सोडत नाही. मला आनंद झाला, नाही कसा? पण तो आनंद दुसऱ्याच्या घरून आलेल्या वाटीतला होता. मी रात्रंदिवस त्या पोरीपाशी, आणि लोकांना तिच्यासाठी उभी राहिलेली दिसली ती बाई. माझ्या हातात तेव्हा पोरीचं कोपर होतं आणि तिच्या हातात फडा होता. कोपर धरलेली बाई कोणाला दिसत नाही.

पुढे बरीच वर्षं ती होती. एका दुपारी खोलीच्या उंबऱ्यावर लाखोळी निवडत बसली होती, तशीच कलंडली. सुपातली दाळ सांडलीसुद्धा नाही. सलोमीनं पहिल्यांदा पाहिलं. मला येऊन सांगितलं, "बूटमाय उठत नाही." मी गेले. अंग मीच धुतलं. बूट काढले तर पाय मुलीसारखे गोरे, नाजूक. मी पाहत राहिले. मग बूट पुन्हा घातले. तिचं काय सांगावं, वर जाऊन मलाच बोलली असती.

मातीला सगळे आले. आमची मंडळी आली, कोळणी आल्या, गुरुजी आले, टपरीवाला आला. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, पेटी खाली सोडली, आणि विचारलं, "घरचं कोण आहे?" पहिली माती घरच्यांनी टाकायची असते. तिचा एक पुतण्या नागपूरहून निघाला होता, तो अजून रस्त्यातच. दुसरं कोणी नाही. सगळे एकमेकांकडे पाहायला लागले.

सलोमी पुढे झाली. खड्ड्याच्या काठाशी गेली आणि तिथून वळून माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच माझ्याकडे पाहिलं. आई जिवंत, समोर उभी, आणि मुलगी दुसरीच्या पेटीवर लेकीची माती टाकणार. कोणत्या आईला हे चांगलं वाटेल? मला नाही वाटलं. पण ती विचारत होती. इतक्या वर्षांत त्या बाईकडे जाताना तिनं मला कधी विचारलं नव्हतं.

"जाय," मी म्हटलं. "टाक."

तिनं मूठभर नाही टाकली. खाली बसून दोन्ही ओंजळी भरून टाकली, पुन्हा भरली, पुन्हा टाकली. पाळकसाहेब थांबले तिच्यासाठी. काळी चिकट माती, कोपरापर्यंत हात भरले. मग ती उठली, सगळी माणसं ओलांडून माझ्याकडे आली आणि माझा पदर ओढून त्याला हात पुसले. आधी एक, मग दुसरा, बोटांच्या मधलंसुद्धा. पांढरं पातळ होतं, मयतीसाठी काढलेलं. ते डाग पुढे निघाले नाहीत.

मी घरी येऊन बरंच आठवून पाहिलं. त्या बाईच्या पदराला तिनं कधी हात पुसले नव्हते. एकदाही नाही.